भाषणबाईचं एक वाक्य

सेटवर सगळे तिला 'भाषणबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने. तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. दहा वर्षं ती मालिकांचे संवाद लिहीत होती आणि तिचं मत पक्कं होतं. रोज संध्याकाळी लाखो घरांत सासू सुनेला घालूनपाडून बोलते, सून जिन्यावरून गडगडते, नवऱ्याची स्मृती जाते, हे सगळं लोकांना चालतं ना? मग मध्ये चार शहाणपणाचे शब्द पेरले तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?

आणि पेरायची म्हणजे मुठी भरभरून पेरायची. नायिका लग्नाचे कपडे घ्यायला दुकानात शिरली, की विणकरांच्या हालांवर एक पान. नायकाने हॉटेलात पाण्याची बाटली मागितली, की पाणी विकणाऱ्या कंपन्यांवर एक पान. एकदा तर नायिकेला साधी सर्दी झाली होती. तिच्याकडून औषधांच्या किमतींवर दीड पान वदवून घेतलं. बिचारी नटी नाक चोंदल्याचा अभिनय करत दीड पान बोलली आणि शेवटी तिला खरोखरच धाप लागली.

बरं, बाई खोटं लिहायची का? मुळीच नाही. अक्षर न् अक्षर खरं असायचं. तिच्याशी वाद घालायला गेलेला माणूस पाच मिनिटांत स्वतःच कामगारांच्या बाजूने बोलत परत यायचा. दिग्दर्शकाने तर कधीच हात टेकले होते. तो भला माणूस होता, कपातला चहा कायम गार करून पिणारा, आणि त्याला दिवसभरात बावीस मिनिटांचं चित्रीकरण उरकायचं असायचं. "चार ओळी कमी कर ना गं," एवढंच तो म्हणायचा, आणि ती चार ओळी कमी करून सहा वाढवायची.

घरी मात्र ती 'धाकटी' होती. घरात माणसं दोनच, ती आणि ताई. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, शिकवलं, आणि ते सगळं केलं एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात राबून. वॉर्डावॉर्डांतून चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे गाठोड्यांतून खाली यायचे. ते झटकायचे, निवडायचे, मशीनमध्ये घालायचे. बावीस वर्षं ताई हेच करत होती. बोलायला मोजकी, हसायला मोकळी. धाकटीची मालिका रोज बघायची, पण मध्येच उठून कपड्यांच्या घड्या घालायला आत जायची. ती नेमकी कधी उठते, याकडे धाकटीने कधी लक्ष दिलं नव्हतं.

गेली दोन वर्षं धाकटी चॅनेलच्या मागे हात धुऊन लागली होती. मालिकेची नायिका नर्स होती, पण ती गोष्टीतल्या दवाखान्यात करायची काय, तर डॉक्टरच्या प्रेमात पडायची. धाकटीचं म्हणणं, तिला पाच भाग धुलाईघरात पाठवा. ज्या बायकांमुळे रुग्णाला स्वच्छ चादर मिळते, त्या बायका एकदा तरी दिसू देत. शेवटी चॅनेलवाल्या मॅडम कंटाळून म्हणाल्या, "घे बाई पाच भाग! पण पाचवा असा झाला पाहिजे की लोक जागचे हलता कामा नयेत. नाहीतर सहाव्यापासून डॉक्टरचं लग्न सुरू, आणि पुन्हा धुलाईघराचं नाव काढायचं नाही."

हे पाच भाग म्हणजे धाकटीचा जीव होता. दुसऱ्या कुणासाठी नाही, ताईसाठी. ताईचं आयुष्य एकदा पडद्यावर यावं आणि ताईने ते बघून म्हणावं, हो, हे असंच आहे. बाकी सगळ्या पुरस्कारांवर ती पाणी सोडायला तयार होती.

चार भाग लिहून झाले. पाचव्यात नायिका धुलाईघरातल्या बायकांबरोबर चादरी झटकता झटकता एक भाषण करणार होती. चार पानं. धाकटीने आयुष्यात लिहिलेलं सर्वांत जोरदार भाषण. मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी जाहिरातीसाठी त्यातल्या दोन ओळीही काढून ठेवल्या.

रविवारी दुपारी ताई स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. धाकटी कागद घेऊन समोर उभी राहिली, घसा साफ केला आणि सुरू झाली.

"या हातांवर हा दवाखाना उभा आहे! या हातांचा घाम जिथे सांडतो, तिथेच खरी सेवा सुरू होते. कष्टकरी बाई जागी झाली, की इतिहास कूस बदलतो. आज या छताखाली आपण सगळ्यांनी शपथ घ्यायची, एकही हात दुर्लक्षित राहणार नाही, एकही..."

चारही पानं तिने वाचली. ताईने शेंगेची शीर ओढून काढली आणि मान हलवली.

"छान आहे गं."

"नुसतं छान?"

"खूपच छान. आमचे मोठे साहेब अगदी असंच बोलतात."

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोण?"

"दवाखान्याचे मोठे साहेब. दरवर्षी सुरक्षा सप्ताहाला खाली येतात. हातांवर दवाखाना उभा आहे, घाम, सेवा, शपथ. सगळं असंच. त्यांचा आवाजही चांगला आहे."

"ताई, हे नायिका बोलतेय! साहेबांच्या विरुद्ध!"

"असेल. मला आपलं तसं वाटलं." ताईने दुसरी शेंग उचलली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि ती हे झटकताना बोलते म्हणालीस ना? झटकताना कुणी बोलत नाही."

"म्हणजे? तुम्ही दिवसभर तोंडाला कुलूप लावून काम करता?"

"दिवसभर नाही. झटकताना. अगं, वरून चादरी येतात त्यात काय वाट्टेल ते असतं. कापूस, चष्मे, एकदा तर दातांची कवळी निघाली होती. पण मुख्य म्हणजे सुया. घाईघाईत इंजेक्शन देतात आणि सुई राहते चादरीत. हातमोजे असतात, पण सुई काय हातमोज्याला जुमानते? मग आम्ही दोघी-दोघी चादर चार कोपऱ्यांना धरतो आणि पत्र्याच्या ट्रेवर झटकतो. सुई पडली की टिंग वाजतं. ते ऐकायचं असतं. म्हणून झटकताना सगळ्या गप्प. नवी मुलगी आली की तिला पहिल्यांदा हेच शिकवतो, ट्रेजवळ तोंड मिटायचं. मशीनकडे गेल्यावर मग काय वाट्टेल ते बोला."

धाकटी मटकन खुर्चीवर बसली. बावीस वर्षं ही बाई तिच्यासमोर जेवत होती, आणि हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने धुलाईघराबद्दल आकडे जमवले होते, कायदे वाचले होते, तीन अहवाल तोंडपाठ केले होते. आणि जिथे बायका जिवाच्या भीतीने गप्प असतात, नेमकं तिथेच तिने नायिकेला चार पानं बोलायला उभं केलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण धाकटी काही लाजून बसून राहणाऱ्यांतली नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने सीन उलटापालटा केला. बायका गप्प राहून झटकतायत. ट्रेमध्ये टिंग. पुन्हा झटकतायत. मग सुरक्षा सप्ताहासाठी मोठे साहेब फोटोवाल्याला घेऊन येतात, आणि भाषण ठोकतात. चार पानं. तेच भाषण. तिला वाटलं होतं थोडी डागडुजी करावी लागेल, पण एकही शब्द बदलावा लागला नाही. खलनायकाच्या तोंडी ते असं चपखल बसलं की तिला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. ते बोलत राहतात, बायकांना ट्रेचा आवाज ऐकू येत नाही, आणि सुई नायिकेच्या बोटात घुसते.

सोमवारी बैठकीत मॅडम भडकल्या. "भाषण नायिकेचं होतं! जाहिरात तयार आहे माझी! इतकं चांगलं भाषण कुणी खलनायकाला देतं का?"

"चांगलं आहे म्हणूनच दिलं."

"आणि नायिका काय करणार? नुसती चादर झटकणार? बाई, लोक पाणी प्यायला उठतील!"

धाकटीने पिशवीतून घरची चादर काढली, स्वयंपाकघरातला पत्र्याचा ट्रे टेबलावर ठेवला आणि दिग्दर्शकाला म्हणाली, "ऊठ. धर हे दोन कोपरे." मग सगळ्यांदेखत चादरीत एक टाचणी टाकली. "आता कुणी बोलू नका."

दोघांनी चादर झटकली. टिंग. स्पष्ट आवाज आला. खोलीतले सगळे उगाचच हसले.

"आता मॅडम, तुम्ही बोला. जाहिरातीबद्दल, लग्नाबद्दल, काहीही. थांबू नका."

मॅडमना बोलायला सांगावं लागत नसे. त्या सुरू झाल्या. धाकटीने पुन्हा टाचणी टाकली, पुन्हा चादर झटकली. मॅडम बोलतच होत्या. धाकटीने ट्रे उचलून सगळ्यांना दाखवला. रिकामा.

"कुठे गेली?" मॅडमनी विचारलं.

"काय माहीत. तुम्ही बोलत होतात."

मग दिग्दर्शकाने हळूच पाय वर घेतले. मग हिशेबनीसाने. मॅडमच्या पायांत उघड्या चपला होत्या. त्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. एवढी मोठी चॅनेलवाली बाई, पण टाचणी सापडेपर्यंत खुर्चीवरून उतरायला तयार होईना. शेवटी ती चादरीच्या शिवणीतच अडकलेली निघाली, आणि ती निघाल्यावरसुद्धा मॅडमनी पाय खाली टेकवण्याआधी फरशी नीट बघून घेतली.

"बरं," त्या म्हणाल्या. "भाषण साहेबाला. पण शेवटी नायिकेला एक वाक्य पाहिजे. एकच. ऐकल्यावर माणसाने जागच्या जागी गार व्हायला हवं. ते जमलं तर भाग जाईल, नाही जमलं तर मी तिच्या डोळ्यांत पाणी आणून खाली गाणं टाकेन. बुधवारी शूटिंग आहे."

एक वाक्य! धाकटीला वाटलं, हातचा मळ आहे. चार पानं लिहिणारीला एक वाक्य म्हणजे काय? मंगळवार उजाडला, मावळला, तिने चाळीस वाक्यं लिहिली, आणि प्रत्येक वाक्य उभं राहून हात उंचावायला लागलं. 'आमचं रक्त तुमच्या टाळ्यांपेक्षा स्वस्त नाही.' खोडलं. 'शपथा तुमच्या, जखमा आमच्या.' हे तर भिंतीवर रंगवायच्या लायकीचं होतं. खोडलं. एक वाक्य इतकं लांबलं की त्यात सहा स्वल्पविराम आले. दोन दिवसांपूर्वी तिने हीच वाक्यं अभिमानाने छातीशी धरली असती. आता प्रत्येकात तिला मोठ्या साहेबांचा चांगला आवाज ऐकू येत होता.

बुधवारी ताईने रजा टाकली आणि सेटवर आली, नट्यांना चादर धरायला शिकवायला. चार नट्या, त्यांत नायिका, शाळेतल्या मुलींसारख्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "मनगट ढिलं सोडा. जोरात नाही, एकदम झटका. आणि डोळे ट्रेकडे नाही, कान ट्रेकडे." अर्ध्या तासात चौघी तयार झाल्या. नायिकेने कुरकुर केली की चार पानं पाठ केलेली वाया गेली, पण ताईने तिची पाठ थोपटल्यावर तीही गप्प झाली.

मोठ्या साहेबांचं काम एक मुरलेले नट करणार होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. काका खुशीत होते. "अशी भाषणं माझ्या वाट्याला तिशीत यायला हवी होती!" ते धाकटीला म्हणाले. शेवटचं वाक्य अजून नव्हतं. दिग्दर्शकाने दोनदा विचारलं, धाकटीने दोनदा "देते" म्हणून सांगितलं. शेवटी ठरलं, सुई टोचेपर्यंत आधी घेऊन टाकू.

ताई दिग्दर्शकाशेजारी स्टुलावर बसली. दिवे लागले, सगळीकडे शांतता झाली. चौघींनी चादर झटकली. टिंग. पुन्हा झटकली. काका आत आले, फोटोवाला मागे, आणि त्यांनी सुरुवात केली. काय बोलले म्हणून सांगू! आवाज असा की पत्र्याचं छप्पर थरथरावं. "या हातांवर हा दवाखाना उभा आहे!" बायका झटकत होत्या. काका बोलता बोलता ट्रेच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईचे हात मांडीवर हलत होते, कोपरे धरल्यासारखे, आणि तिची मान एका बाजूला कलली होती. काका दुसऱ्या पानावर पोचले. इतिहासाने कूस बदलली.

"अहो, गप्प बसा जरा!" ताई ताडकन उभी राहिली. "सुई ऐकू येत नाही!"

सगळं ठप्प झालं. काकांचं तोंड उघडंच राहिलं. नायिकेच्या हातून चादर सुटली. कुणीतरी "कट" म्हणालं, तेही उशिराने. ताईने आजूबाजूला पाहिलं, कुठे आहोत ते तिच्या लक्षात आलं, आणि ती शरमेने लालबुंद झाली. "माफ करा," ती पुटपुटली आणि तडक बाहेर निघाली.

धाकटी तिच्यामागे धावली. ताई गाठोड्यांच्या ढिगाशी उभी होती.

"ताई, काय झालं? अगं, नाटक आहे ते."

"माहीत आहे." ताई खाली बसली. मग म्हणाली, "नऊ वर्षं झाली. साहेब असेच आले होते. म्हणाले, काम थांबवू नका, फोटोत काम दिसू दे. आणि बोलत राहिले. ट्रे वाजला की नाही, कळलंच नाही. इथे टोचली." तिने अंगठ्याचं मूळ दाखवलं. तिथे आता काहीच दिसत नव्हतं.

"मग?"

"मग काय? सांगितलं असतं तर सगळ्या तपासण्या होईपर्यंत घरी बसवलं असतं, आणि बसवलेल्या बायका परत येतच नाहीत. मी बाहेर तपासून घेतलं. सुईवरच्या रक्तातून कुठला रोग आला नाही, याची खात्री व्हायला सहा महिने लागतात. सहा महिने मी घरात सुरीला हात लावला नाही. म्हटलं, बोट कापलं, रक्त कुठे लागलं, तर तुला काही व्हायला नको. तू म्हणायचीस, ताई, आळशी झालीस, सगळी भाजी मला चिरायला लावतेस."

धाकटीला आठवलं. ती हे हसत हसत म्हणायची, आणि ताईही हसायची. ती ताईच्या पायाशी बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली.

"शेवटी निघालं नाही काही," ताई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "ठणठणीत आहे मी."

"मला का नाही सांगितलंस? मी होते ना घरात! काय करत होते मी?"

"लिहीत होतीस की. पहिलीच मालिका तुझी. रोज वाचून दाखवायचीस मला." ताई आठवू लागली. "कामगारांच्या आरोग्यावर होतं काहीतरी. चांगलं होतं."



मग तिने डोळे पुसले, उठली, ताईचा हात धरून तिला परत आत घेऊन गेली आणि दिग्दर्शकासमोर उभी राहिली.

"वाक्य मिळालं. नायिका म्हणते, 'साहेब, गप्प बसा जरा. सुई ऐकू येत नाही.'"

दिग्दर्शकाने कपातला गार चहा खाली ठेवला. "आणि मग सुई टोचते?"

"कुणालाच टोचत नाही. ती बोलते, साहेब गप्प होतात, सगळे गप्प होतात. बायका झटकतात. टिंग. तिथे भाग संपव."

"खाली संगीत?"

"काहीच नको."

"पुढे काही जोडायचंय?" त्याने सवयीने विचारलं. "दोन ओळी वगैरे?"

"एक अक्षरही नाही."

तिने कागदावर वाक्य लिहिलं. ताई खांद्यावरून वाकून वाचत होती.

"यात 'साहेब' कशाला घातलंस?" ताई म्हणाली. "मी म्हटलं का साहेब?"

धाकटीने 'साहेब' खोडलं, त्या जागी 'अहो' लिहिलं आणि कागद नायिकेच्या हातात दिला.